आय-डीएसआय सिटीचे मागचे चार प्लग: आधी काउल उघडा, मग पाना लावा

प्रश्न थोडक्यात असा. २००६ ची होंडा सिटी झेडएक्स, आय-डीएसआय पेट्रोल इंजिन, रनिंग एक लाख दहा हजार. घाटात दम राहिलेला नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय. गॅरेजमध्ये चार प्लग बदलले, बिलातही चारच आहेत. आता कुणीतरी सांगितलं की या गाडीला आठ प्लग असतात. उरलेले चार घरी बदलता येतील का?

येतील. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरुवात करा आणि संध्याकाळी गाडी लागणार असेल तर त्या दिवशी हात घालू नका.

आधी आठची भानगड. भारतात २००३ ते २००८ या काळात विकल्या गेलेल्या सिटीच्या १.५ लिटर आय-डीएसआय (होंडाचं दुहेरी-प्लगचं) इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत, एक इनटेकच्या बाजूला आणि एक एक्झॉस्टच्या बाजूला. वेग आणि लोड बघून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही प्लग एकदम किंवा किंचित मागेपुढे पेटवतो. प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज देणारी स्वतःची कॉइल, म्हणजे कॉइलही आठ. याच पिढीतल्या व्हीटेक सिटीला चारच प्लग असतात, त्यामुळे 'सिटीला चार' हे वाक्य खोटं नाही, तुमच्या गाडीला लागू नाही एवढंच. बोनेट उघडल्यावर पुढच्या बाजूला चार कॉइल ओळीने दिसतात. मागच्या चार फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत), वायपरखालच्या काउलच्या, म्हणजे काचेच्या पायथ्याच्या प्लॅस्टिक झाकणाच्या आड लपलेल्या असतात. न सांगता कुणी तिकडे जात नाही.

आणि गेलं नाही तरी कळत नाही, हीच खरी अडचण. चार प्लगच्या गाडीत एक प्लग मेला की इंजिन सरळ तीनवर चालतं, आयडलला थरथरतं, लहान मुलालाही समजतं. इथे मागचा प्लग मेला तरी पुढचा त्याच सिलिंडरला पेटवत राहतो. मिसिंग जाणवत नाही. फक्त मिश्रण एकाच टोकाकडून जळतं, जळायला जास्त वेळ घेतं, आणि त्याचा हिशेब चढावर व पेट्रोलपंपावर लागतो. पुढचे चार नवे टाकल्यावर गाडी दोन दिवस बरी वाटते, म्हणून विषय तिथेच मिटतो. तुमच्या गाडीचे मागचे चार कंपनीतून आलेलेच असण्याची शक्यता बरीच आहे.

प्लग कोणते घ्यायचे

या इंजिनात एनजीके कंपनीच्या बीकेआर६ई-११ या जातीचा प्लग सर्रास वापरला जातो: १४ मिमी आटे, १९ मिमी लांबी, १६ मिमीचा षटकोन, आत रेझिस्टर, गॅप (दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) १.१ मिमी. तरीही काढलेल्या प्लगवरचा नंबर आणि गाडीच्या पुस्तिकेतला नंबर जुळवूनच विकत घ्या. नंबरातला '६' हा हीट रेंज आहे, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा. दुकानदार 'हाच बसतो' म्हणून दुसरा आकडा देऊ लागला तर घेऊ नका. आटे बसतील, उष्णता बसणार नाही. आठही प्लग एकाच जातीचे हवेत. गॅरेजने पुढे वेगळे टाकले असतील तर तेही बदला.

इरिडियम घ्यावेत का, हा पुढचा प्रश्न येतोच. साधे निकलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर नीट चालतात, इरिडियम लाखाच्या आसपास जातात. मजुरी एवढी असताना इरिडियमच घ्यावेत असं वाटतं. पण या गाडीत मागच्या बाजूला पाणी उतरतं. लाखभर किलोमीटर न हललेला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असा धरतो की काढताना आटे घेऊनच बाहेर येतो. कोकणात, मुंबईत किंवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला निकल टाकून चाळीस हजारांनी पुन्हा उघडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कोरड्या भागात, छपराखाली राहणाऱ्या गाडीला इरिडियम चालतील.

गॅप फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. डब्यातून आलेला प्लग वाटेत पडलेला असू शकतो. वाकवायचा असेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्याला टेकू देऊ नका. इरिडियमचा मधला टोक केसासारखा बारीक असतो, त्याला हात लावू नका. सीएनजी किट असेल तर गॅप ०.८ मिमीच्या आसपास ठेवतात, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुन्या कॉइलना ते झेपत नाही.

हत्यारं

३/८ इंची रॅचेट, १६ मिमीचं प्लग सॉकेट (आत रबर किंवा चुंबक असलेलं आणि सहा कोनीच, बारा कोनी सॉकेट गंजलेल्या षटकोनावर घसरतं), १० मिमीचं सॉकेट, ७५ आणि १५० मिमीचे एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, लहान टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच घट्ट करणारा पाना), गंज सोडवणारा स्प्रे, टायरमध्ये हवा भरायचा पंप, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, हातभर रबरी नळी, आणि काउलच्या प्लॅस्टिक क्लिप दहा-बारा. या वयाच्या गाडीत निम्म्या क्लिप काढतानाच तुटतात आणि नव्या न लावता काउल बसवलं तर ते वाऱ्याने फडफडतं, शिवाय पाणी आत सोडतं.

काउल काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडमधून प्लग काढला तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओढले जातात. चावी काढून ठेवा. बॅटरी काढणं सक्तीचं नाही, पण काढलीत तर शेवटी ईसीएमला आयडल पुन्हा शिकवावं लागेल, ते खाली दिलंय.

वायपर पार्क स्थितीत आहेत ना बघा आणि पात्यांच्या रेषेत काचेवर मास्किंग टेप चिकटवा. टोप्या काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. मग वायपरचा दांडा मुळाशी धरून डावी-उजवीकडे हलवत सोडवा. दातऱ्यांवर गंज असतो, त्यामुळे तो हट्ट करतो. काचेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटण्याचा मोह टाळा, विंडशील्ड तिथेच तडकते. दोन पायांचा छोटा पुलर मिळाला तर उत्तम. नट टोकाला असल्यामुळे दांडा उडून काचेवर आपटत नाही.

त्यानंतर बोनेटच्या मागची रबरी पट्टी, प्लॅस्टिकचं काउल, मग वायपर मोटर आणि तिची लिंकेज (१० मिमीचे बोल्ट, एक कनेक्टर), आणि त्याखालचा पत्र्याचा ट्रे, तोही १० मिमीच्या बोल्टवर. प्रत्येक थराचे बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवा. ट्रे निघाला की मागच्या चार कॉइल समोर येतात आणि तिथवर सरळ हात पोचतो.

काउल न काढताही हे काम करणारे आहेत. लहान हात, आखूड एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट असेल तर जमतं. सराईत फिटरसाठी ठीक आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण न बघता काम करताना प्लग बसतो त्या खड्ड्यातली घाण साफ करता येत नाही आणि नवा प्लग सरळ लागतोय की आडवा, हे बोटांना कळत नाही. तिरक्या युनिव्हर्सल जॉइंटने जोर लावला की प्लगच्या चिनीमातीला बारीक तडा जातो, तो वेगळाच.

ट्रे हातात आहे तोवर एक गोष्ट बघाच. दोन्ही टोकांच्या पाणी जायच्या भोकांत पानं आणि चिखल घट्ट बसलेला असतो. भोक बुजलं की पावसाचं पाणी ट्रेत साचतं, जोडावरून थेंबथेंब मागच्या कॉइलवर पडतं, कॉइलच्या रबरातून खाली झिरपतं आणि प्लगच्या षटकोनाला गंज खातो. भोकं तारेने मोकळी करा, जोडावरची जुनी फोमची पट्टी चुरा झाली असेल तर नवी चिकटवा. हे राहिलं तर नवे प्लगही पुढच्या दोन पावसाळ्यांत त्याच अवस्थेत सापडतील.

कॉइल आणि प्लग

कॉइलवर टेप लावून नंबर लिहा: मागे १, मागे २ असे. पुढच्या आणि मागच्या कॉइल एकमेकींच्या जागी लावू नका. नवी मागवायची झाली तरी पुढची की मागची हे सांगूनच मागवा. कनेक्टरचं लॉक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं. नखाने दाबून आधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग ओढा. वायर धरून ओढू नका. १० मिमीचा बोल्ट काढून कॉइल जागच्या जागी थोडी फिरवा, रबर सुटल्याची जाणीव झाली की वर खेचा. रबरावर उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेर पळत होती, ती कॉइल किंवा तिचं रबर बदला.

प्लगला सॉकेट लावण्याआधी खड्ड्यात हवा मारा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. गंजाचे पापुद्रे आणि वाळू उडते. हे केलं नाही तर प्लग निघताच ते सगळं सिलिंडरमध्ये पडतं. एका वेळी एकच प्लग काढा आणि लावा, म्हणजे उघडं भोक एकच राहतं.

रॅचेट फिरवताना सुरुवातीला एक कडक सुटका जाणवते, मग प्लग हलका व्हायला हवा. हलका न होता किंचाळत जड फिरत राहिला तर थांबा. पाव फेरा परत आत घाला, स्प्रे मारा, अर्धा तास सोडा, मग पाव फेरा बाहेर, पाव आत, असं करत आणा. अगदीच हलत नसेल तर उभ्या गाडीचं इंजिन दोन मिनिटं चालवून हेड हाताला सोसेल इतकं कोमट करा, पुन्हा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. रॅचेटला पाइप अडकवून जोर लावणं म्हणजे हेड उतरवायची तयारी. आटे गेलेच तर १४ × १.२५ चं इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवता येतं, पण ते काम घरच्या पार्किंगमध्ये करू नका.

काढलेले प्लग पुठ्ठ्यावर क्रमाने मांडा. गॅप १.३-१.४ मिमीपर्यंत वाढलेला आणि मधला इलेक्ट्रोड गोल झालेला दिसला तर अ‍ॅव्हरेज का पडलं ते समजेल. एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग तेलकट काळे असतील तर तो विषय प्लगचा नाही, त्यासाठी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

नवा प्लग लावताना रॅचेट बाजूला ठेवा. रबरी नळी प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि नळीनेच आटे धरवा. आडवा लागला तर नळी घसरते, म्हणून आटे वाचतात. आधी उलटं फिरवून 'टक' असा खाली बसल्याचा इशारा घ्या, मग सुलट. निदान चार-पाच फेरे बोटाच्या ताकदीने गेले पाहिजेत. शेवटचं घट्ट करणं टॉर्क रेंचने, १८ न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत आणून पुढे अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, एक-बारांश फेरा पुरतो.

आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावावं का? आजकालच्या प्लगवर मुलामा असतो, त्यामुळे एनजीके नको म्हणतं. आटे निसरडे झाले की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो. गंजाच्या भीतीने लावायचंच असेल तर अगदी पुसटसं, टोकाकडचे आटे सोडून, आणि टॉर्क तीसेक टक्क्यांनी कमी. डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला जरूर लावा, पाणी अडतं आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही.

परत जोडताना

कॉइल बसवून, कनेक्टर 'क्लिक' झाल्याची खात्री करून, ट्रे लावण्याआधीच इंजिन सुरू करून बघा. थरथर असेल तर बहुतेक एखादा कनेक्टर अर्धवट असतो आणि आता तो हाताशी आहे. इंजिनच्या पट्ट्याजवळ हत्यार राहिलेलं नाही ना, तेही बघा.

वायपर मोटर बसवल्यावर दांडे न लावताच एकदा वायपर चालू करून बंद करा. मोटर पार्कला येऊन थांबली की मगच टेपच्या रेषेत दांडे लावून नट कसा. हे उलटं केलं तर पहिल्या पावसात पातं थेट खांबावर आपटतं.

बॅटरी काढली असेल तर एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन सुरू करा, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत ३,००० आरपीएमच्या आसपास धरा, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून पाच मिनिटं आयडलला राहू द्या. एवढं करूनही चढावर दम आला नसेल, तर एकेका मागच्या कॉइलची जागा आपसात बदलून बघा आणि एअर फिल्टर व थ्रॉटल बॉडीकडे वळा. प्लगवर आणखी पैसे घालू नका.