जुनं दुखणं, गोळ्यांची सवय आणि घाबरणं: मेंदूवरच्या चुंबकीय उपचाराने तिन्ही सुटतं का?

तुम्ही विचारलंय की दादांच्या कमरेचं ऑपरेशन होऊनही डाव्या पायात आग होते, ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी चार वर्षं सुटत नाही, रात्री छाती धडधडते म्हणून अल्प्राझोलाम ही घाबरण्यावरची, झोपेची गोळीही चालू आहे, आणि आता डॉक्टरांनी आरटीएमएस, म्हणजे मेंदूवर चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार, सुचवलाय. तिन्ही एकदम बरं होईल का, आणि हा शॉक तर नव्हे ना?

शॉक नव्हे. भूल देत नाहीत, झटके आणत नाहीत, माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो. हे मी स्वतः त्या खुर्चीत तीस वेळा बसून सांगते आहे. मी इंदूरची, रामबागेत राहते. मला डाव्या बरगडीवर नागीण झाली होती. पुरळ महिन्याभरात गेलं, आग राहिली. पदराचा स्पर्श सोसवत नव्हता. ट्रॅमाडॉल तेव्हाच सुरू झालं, मग झोपेसाठी अल्प्राझोलाम. 2018 पासून ट्रॅमाडॉल नार्कोटिक्सच्या कायद्याखाली आहे, तरी ओळखीच्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय पट्टी मिळायची. दिवसाला सहा गोळ्या झाल्या. पट्ट्या शिवणाच्या डब्यात, घरात कुणाला पत्ता नाही. डॉक्टरांनीच दिलेली गोळी, तिला व्यसन कसं म्हणायचं, असं मी स्वतःला समजावत होते.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. इंग्रजी आठासारखी तारेची गुंडाळी डोक्याला टेकवतात. तिच्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या पेशींत बारीकशी वीज उठवतं. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. सेकंदाला दहा ठोके दिले तर तो भाग साधारणपणे चेततो, एक ठोका दिला तर शांत होतो. पहिल्या दिवशी ताकद ठरवायला मेंदूतल्या हात हलवणाऱ्या भागावर ठोका देतात आणि अंगठा हलतो का ते बघतात. आपण न हलवता आपलाच अंगठा उडतो, तेव्हा मी दचकले होते. नंतर नुसती टकटक, सुतारपक्ष्यासारखी. कानात बोळे घालावे लागतात. पहिला आठवडा कपाळ ठणकलं.

आता तुमचा खरा प्रश्न, तिन्ही एकदम. हे तीन आजार वेगळे दिसतात, पण मेंदूत त्यांच्या वाटा एकमेकींना लागून आहेत. कपाळामागचा भाग लगाम धरतो: तलफ आली तरी थांब, भीती वाटली तरी बस. दुखणं वर्षानुवर्षं चाललं, झोप उडाली, की तो लगाम सैल पडतो. आणखी आत इन्सुला नावाची घडी आहे, शरीराच्या आतल्या खबरा तिथे पोचतात. 2007 मध्ये एक अभ्यास आला होता. पक्षाघातात ज्यांच्या इन्सुलाला इजा झाली, त्यांच्यातल्या काहींची सिगारेट सहज सुटली, तलफच उरली नाही. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला कमकुवत मनाची समजत होते.

पण वाटा लागून आहेत म्हणजे एकाच किल्लीने सगळी कुलुपं उघडतील असं नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपचाराला 2008 मध्ये नैराश्यासाठी परवानगी दिली, 2018 मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आणि 2020 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी. सिगारेटच्या चाचणीत खऱ्या यंत्रावर शंभरातल्या सुमारे 19 जणांची सुटली, तुलनेसाठी ठेवलेल्या, ठोके न देणाऱ्या खोट्या यंत्रावर सुमारे 9 जणांची. म्हणजे फायदा खरा, पण बहुतेकांची सुटली नाहीच. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या घराण्यातल्या गोळ्यांसाठी अशी परवानगी नाही. तिथे ब्युप्रेनॉर्फिनसारखं तलफ आवरणारं औषध आणि हळूहळू कमी करणं हाच मुख्य रस्ता आहे. दुखण्याचं म्हणाल तर नसेच्या दुखण्यावर, म्हणजे आग होणं, मुंग्या, करंट मारल्यासारखं वाटणं, याला पुरावा चांगला आहे. त्यासाठी गुंडाळी मेंदूच्या हालचालीच्या भागावर, दुखऱ्या बाजूच्या उलट लावतात. माझी बरगडी डावी, म्हणून ठोके उजवीकडे. दादांच्या पायातली आग नसेची आहे की कंबर स्नायूंनी धरली आहे, हे डॉक्टरांना आधी विचारा. उत्तर त्यावर खूप अवलंबून आहे.

आता जे सांगायला मी मुख्यतः लिहायला बसले ते. पहिल्या दिवशी फॉर्मवर मी लिहिलं: ट्रॅमाडॉल दोन, झोपेची गोळी कधीतरी. मुलगा शेजारी उभा होता, सहा कसे लिहिणार? वर उत्साह असा की आता यंत्र आहे तर गोळी कशाला, म्हणून अल्प्राझोलाम परस्पर बंद केली. तिसऱ्या दिवशी गुंडाळी लावायच्या आधी तंत्रज्ञ मुलाचं लक्ष खुर्चीच्या दांड्यावरच्या माझ्या हाताकडे गेलं. हात थरथरत होता, पदर घामाने भिजला होता. "माताजी, आज कुछ अलग है?" एवढंच त्याने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी बैठका तिथेच थांबवल्या.

कारण असं: अल्प्राझोलाम एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ट्रॅमाडॉल जास्त असेल तर त्यानेही येऊ शकते. या यंत्राचा सगळ्यात गंभीर धोकाही फिटचाच. एरवी तो फार विरळा आहे, पण मी तिन्ही एकावर एक रचत होते. दादा दारू घेत असतील तर तीही यातच धरा. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, तीन आठवडे थांबले, मग बैठका नव्याने. अल्प्राझोलाम पुढे सात महिन्यांत थोडी थोडी उतरवली, ट्रॅमाडॉल त्याहून सावकाश.

आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या, मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, तेवढी एक बैठक पुढे ढकलली. दुखणं दहापैकी आठवरून चारवर आलं. घाबरणं कमी झालं, त्यात मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी दर आठवड्याला झालेल्या बोलण्याचा वाटा किती आणि ठोक्यांचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. तलफ पावसाळ्यात अजून येते.

डोक्यात धातूची क्लिप, कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, पूर्वी कधी फिट, यातलं काही असेल तर आधी सांगा. ऑनलाइन मिळणारे डोक्याला लावायचे विजेचे पट्टे घेऊ नका. ते वेगळं तंत्र आहे, एक-दोन मिलिअँपिअरचं, आणि घरी आपल्या मनाने करायचं नाही. खर्च पूर्ण कोर्सचा विचारा, एका बैठकीचा नको. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 आणि नशामुक्तीसाठी 14446, दोन्ही मोफत आहेत.

आणि फॉर्म भरायच्या वेळी तुम्ही बाहेर थांबा. दादांना डॉक्टरांबरोबर एकट्याला बसू द्या. मुलगा शेजारी नसता तर मी पहिल्याच दिवशी सहा लिहिलं असतं.