गुरुजी, पास झाली तर काय?

पत्र लिहिणारे गृहस्थ लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. वय ५२. मुलगी २० वर्षांची, खुला प्रवर्ग. बारावीसोबत २०२३ मध्ये ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली, मग दोनदा ड्रॉप, म्हणजे लातूरला राहून दोन वर्षं फक्त त्याच परीक्षेची तयारी. गुण ३८५, ५६१ आणि आता, २०२५ मध्ये, ४३८. एमबीबीएस यंदाही हुकलं. पहिल्या ड्रॉपला २ लाख १० हजार गेले, दुसऱ्याला १ लाख ९० हजार. आता एका एजंटने किरगिझस्तानात एमबीबीएस करण्याचा ३२ लाखांचा प्रस्ताव दिला असून १ लाख टोकन मागितलं आहे. पाचातली तीन एकर जमीन ११ लाख एकराने घ्यायला गिऱ्हाईकही त्यानेच आणलं आहे. एका खासगी महाविद्यालयात बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीची, जागा मिळू शकते, वर्षाला २ लाख ६० हजार. हातात ७८ हजार पगार, घराचा १४ हजारांचा हप्ता अजून सात वर्षं, मुदत ठेव साडेसहा लाख, म्युच्युअल फंडात चार लाख, धाकटा मुलगा दहावीत. प्रश्न असा: तिसऱ्यांदा ड्रॉप घेऊ द्यावा, की जमीन विकून बाहेर पाठवावं? गुरुजी लिहितात, ‘आधीच चार लाख घातले आहेत, ते वाया जाऊ नयेत एवढंच वाटतं.’

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘काका, बाबांना सांगा माझ्यासाठी शेत विकू नका. मला परत बसायचंय की नाही हेच मला कळत नाहीये.’

गुरुजी, नमस्कार.

आधी त्या चार लाखांचं. तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत विचारतो. पाऊस दडी मारतो, सोयाबीन उगवत नाही, तेव्हा दुबार पेरणी करायची की नाही हे तुम्ही कशावर ठरवता? आधीच्या बियाण्याला किती पैसे गेले यावर नाही. ओल किती आहे, दिवस किती उरलेत, यावर. आणि जुलै अर्धा सरला की सोयाबीन सोडून तुरीकडे वळता. त्याला कोणी हरणं म्हणत नाही. ते चार लाख गेले. मी माझ्या हिशेबात ते कुठेच धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका.

आता गुण. तुम्ही लिहिता, ‘५६१ वरून ४३८ वर घसरली, घरात आठ दिवस कोणी बोललं नाही.’ गुरुजी, ती घसरलेली नाही. २०२४ हे वर्ष वेगळंच होतं. तेव्हा आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६ होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून तुलना होत नाही, क्रमांकांची होते. तुम्ही जोडलेल्या निकालपत्रांवर तिचा देशातला क्रमांक आधी पावणेतीन लाखांच्या पलीकडे, मग सव्वादोन लाखांच्या घरात आणि यंदा दीड लाखाच्या आसपास आहे. म्हणजे मुलगी दरवर्षी पुढे सरकली, आणि ज्या वर्षी सगळ्यात जास्त सरकली त्या वर्षी घरात अबोला. हे तिला आजच सांगा. यात माझी फी काही नाही.

पण पुढे सरकली म्हणजे पोहोचली असं नाही. खुल्या प्रवर्गातून राज्याच्या कोट्यातली शासकीय जागा गेल्या काही वर्षांत ढोबळमानाने पन्नास हजारांच्या आतल्या क्रमांकाला मिळत आली आहे. यंदाच्या पेपरच्या मानाने तिला साधारण साठ गुण, म्हणजे पंधरा प्रश्न जास्त बरोबर हवे होते. तिचे विषयवार गुण बघा: जीवशास्त्र ३६० पैकी २९०, रसायन १८० पैकी ९२, भौतिक १८० पैकी ५६. जीवशास्त्रात आता फारसं निघणार नाही. जे काही आहे ते भौतिकात. आणि भौतिक हा विषय तीच बॅच, त्याच नोट्स, तोच बाक घेऊन तिसऱ्या वर्षी सुधारत नाही, हे शिक्षक म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता जो प्रश्न तुम्ही विचारलाच नाही तो. ड्रॉप घेतला आणि नापास झाली तर दोन लाख गेले, एवढा हिशेब तुम्ही केला आहे. पास झाली तर? समजा चाळीस गुण वाढले, साठ नाही. क्रमांक ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात आला. पेढे वाटाल. आणि मग खासगी महाविद्यालयातली राज्य कोट्याची जागा समोर येईल, जिथे शुल्क वर्षाला सहज ८ ते १२ लाख असतं. मधला आकडा धरून साडेचार वर्षांचे ४५ लाख, वसतिगृह वेगळं. मुलींच्या शुल्कमाफीचा शासन निर्णय २०२४ मध्ये आला खरा, पण तो ठरावीक प्रवर्गांतल्या ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी आहे. तुमचा पगार त्यावर जातो. म्हणजे तुमच्या घराला परवडणारी एमबीबीएसची जागा एकच, शासकीय. किरगिझस्तानपेक्षा महाग अशी ‘यशाची’ जागा मिळाली तर काय करायचं, हे निकालाच्या दिवशी ठरवायला बसलात तर जमीन त्याच आठवड्यात जाईल. हे परीक्षेच्या अर्जाआधी, तिघांनी बसून, कागदावर लिहून ठरवा. माझं मत विचाराल तर तेव्हाही जमीन विकू नये.

किरगिझस्तानबद्दल. एजंटचा ३२ लाखांचा कागद मी वाचला. शुल्क डॉलरमध्ये आहे, कागद रुपयात. २०१५ मध्ये डॉलर ६४-६५ रुपयांना होता, आज कुठे आहे ते तुम्ही पेपरात वाचता. वर्षाला साडेतीन टक्के वाढ धरली तरी ३२ चे ३५ होतात. त्यात येण्याजाण्याची तिकिटं नाहीत. परत आल्यावर इथे डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा क्लास नाही. त्या परीक्षेबद्दल एजंट एका ओळीत लिहितो, ‘स्क्रीनिंग टेस्ट सोपी असते.’ ३०० पैकी १५० गुण लागतात आणि अलीकडच्या सत्रांत बसलेल्या चारांपैकी साधारण एकच जण निघाला आहे. ज्या मुलीला तीन वेळा परीक्षेने परत पाठवलं, तिला ४० लाख खर्चून सहा वर्षांनी पुन्हा तशाच दारात उभं करायचं, हा माझ्या लेखी उपाय नाही. ती फक्त लांबणीवर टाकलेली चौथी नीट आहे.

कर्जाचंही बघून ठेवलं. २५ लाख, ११ टक्क्यांनी, सहा वर्षांत थोडं थोडं उचललं आणि शिक्षण अधिक एक वर्ष फेड थांबवली, तर तोवर साधं व्याजच बारा-साडेबारा लाख चढतं. मग दहा वर्षं महिना ५१-५२ हजारांचा हप्ता. तुम्ही ५८ ला निवृत्त. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५९ चे, आणि ती भारतातल्या एक वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये, तेही पहिल्या फटक्यात स्क्रीनिंग निघाली तर. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, जुनी पेन्शन नाही. शिवाय साडेसात लाखांवर बँक तारण मागते, घर आधीच गहाण आहे आणि शेतजमीन बऱ्याच बँका शैक्षणिक कर्जाला धरत नाहीत. म्हणूनच एजंट कर्जाचं नाव न घेता थेट जमिनीचं गिऱ्हाईक घेऊन आला. हे मला पत्र वाचतानाच खटकलं होतं.

जमिनीबद्दल तीन गोष्टी विचारतो, उत्तरं मला नकोत, तुम्हीच तपासा. सातबाऱ्यावर तुमच्या बहिणीचं नाव आहे का? वडिलोपार्जित असेल तर तिच्या सहीशिवाय खरेदीखत झालं तरी डोक्याला ताप राहील. जमीन औसा नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत आहे का? असेल तर विक्रीच्या नफ्यावर आयकर लागतो, बाहेर असेल तर ग्रामीण शेतजमीन म्हणून लागत नाही. तेहेतीस लाखांतले हातात किती उरणार हे यावर आहे. आणि तिसरी: यंदाच्या सप्टेंबरच्या पुरानंतर तुमच्याकडे कोण जमीन घेतंय आणि कोण विकतंय? पडत्या वर्षात विकणाऱ्याला भाव मिळत नाही. दोन एकर उरतील म्हणून शेतकरी म्हणून तुमचं नाव राहील, हे तरी बरं. उरलेलीही धाकट्याच्या शिक्षणात गेली, तर शेतकरी नसलेल्याला या राज्यात शेतजमीन परत घेणं किती अवघड आहे ते तलाठ्याला विचारा.

घाईही खोटी आहे. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. ‘या पंधरवड्यात टोकन भरा नाहीतर सीट जाईल’ यातली सीट कुठेही जात नाही, तुमचे १ लाख तेवढे जातात.

बीएएमएसबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘लोक काय म्हणतील.’ तुमच्या गावात रात्री ताप आला तर दार कोणाचं वाजवता, त्यांच्या पाटीवर कोणती पदवी आहे? पैशाच्या बाजूने ही जागा तुम्हाला पेलते. साडेचार वर्षांचं शुल्क ११ लाख ७० हजार, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं राहणं-खाणं पाचेक लाख. ठेवीतले चार लाख, साडेसात लाखांच्या आतलं कर्ज, ज्याला मालमत्तेचं तारण सहसा लागत नाही, आणि बाकी महिन्याच्या पगारातून. जमीन, फंड, तुमची निवृत्तीची रक्कम, कशालाच हात लागत नाही. एक सावधगिरी: ‘आत्ता प्रवेश घेऊ, सोबत नीटही देऊ’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मधेच सोडलं तर पुढच्या वर्षांचं शुल्क मागितलं जाऊ शकतं, मूळ कागदपत्रं अडकतात. सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, माहितीपुस्तिकेतला प्रवेश रद्द करण्याचा भाग आधी वाचा.

आणि पशुवैद्यकाचा पत्रात उल्लेखच नाही. तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला शासकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे, प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. यंदाच्या फेऱ्या हुकल्या असतील तर पुढच्या वर्षीचा अर्ज विसरू नका. दुभत्या जनावरांच्या गावात राहून हे कसं सुटलं, याचं मला नवल वाटलं.

आता तिच्या दोन ओळी. मी सीएच्या अंतिम परीक्षेत चार वेळा आपटलो आहे. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा मी बसलो कारण ‘आता नाही बसत’ हे वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. अभ्यासाचा एक तास आणि छताकडे बघण्याचे चार. लग्नकार्यात कोणी ‘यंदा काय झालं?’ विचारेल म्हणून मी जेवणाच्या पंगतीलाही थांबत नसे. त्या दोन वर्षांची किंमत मी कधी वहीत मांडली नाही, पण पैशात मोजली तर ती फीपेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणून ‘कळत नाहीये’ हे उत्तर मी सरळ ‘नाही’च्या खात्यात टाकतो. तिला आठ दिवस द्या. या आठ दिवसांत घरात नीटचा न पण नको, मावशीचा फोनही तुम्हीच घ्या. झोप, जेवण उडालं असेल, गप्प गप्प असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कोणत्याही क्लासआधी तो फोन.

आठ दिवसांनी ती स्वतःहून ‘बसते’ म्हणाली, तुमच्याकडे बघून नाही, तर एक वर्ष द्या. पण लातूरची खोली नको. घरी राहून, फक्त भौतिकासाठी चांगला शिक्षक आणि सराव पेपर, सगळा मिळून खर्च ६० हजारांच्या वर नाही. सोबत जवळच्या महाविद्यालयात किंवा मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घाला, म्हणजे हे वर्षही कोरं जाणार नाही. फेब्रुवारीअखेर पूर्ण अभ्यासक्रमावरचे पाच पेपर वेळ लावून सोडवायचे, तपासायचे तुम्ही नाही, त्या शिक्षकाने. भौतिक नव्वदीच्या खाली असेल तर परीक्षा देऊ दे, पण त्या दिवसापासून घरात बोलणं दुसऱ्या वाटेचं. आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर बीएएमएसची फेरी संपायच्या आत तिला सोबत घेऊन ते महाविद्यालय, त्याचं रुग्णालय, ओपीडीत खरंच रुग्ण येतात का, हे बघून या. तिला आवडलं नाही तर सतरा लाखसुद्धा महाग आहेत.

डिसेंबरमध्ये ठेव संपते आहे असं तुम्ही लिहिलंय. बँकेतला माणूस पाच वर्षांचं नूतनीकरण सुचवेल. दोन लाख एका वर्षासाठी ठेवा, चार लाख सहा-सहा महिन्यांच्या दोन पावत्यांत, उरलेले पन्नास हजार बचत खात्यात. एजंटला आजच फोन करून नाही सांगा, आणि जमिनीच्या गिऱ्हाईकाकडून विसार घेतला असेल तर मला लगेच कळवा, तो कागद कसा लिहिला आहे ते बघावं लागेल.