उपवास, लांब धावणे आणि विम्याची रक्ततपासणी

आपण लिहिले आहे की, नवरात्राच्या उपवासातही मॅरेथॉनचा सराव चालू होता, रविवारी लांब धावणे झाले आणि सोमवारी विम्यासाठी दिलेल्या रक्तात एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी दोन विकरे, म्हणजे एन्झाइम) व बिलिरुबिन (पित्तातील पिवळे रंगद्रव्य) वाढलेले आले, लघवीत कीटोन (चरबीपासून बनणारे इंधनद्रव्य) आढळले. दादरला राहून शिवाजी पार्क ते वरळी असा सराव करणाऱ्या माझ्याही हातात असाच अहवाल पडला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. निदान आपल्या डॉक्टरांनीच करावे.

मधुमेह नसेल, तर कीटोनमुळे घाबरून जाऊ नये. यकृतातील साखरेचा साठा साधारण 100 ग्रॅमचाच असतो आणि उपवासात तो झपाट्याने उतरतो. स्नायूंमधील साठा कितीतरी मोठा असला, तरी ती साखर रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंकडे नसते. मग इन्सुलिन खाली येते, चरबीतून मेदाम्ले सुटतात आणि यकृत त्यांचे कीटोन बनवते.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही केवळ यकृताची विकरे नव्हेत. ती स्नायूंतही असतात आणि कठोर व्यायामाने स्नायुतंतूंना इजा झाली, की सीपीके या स्नायूंतील विकराबरोबर रक्तात उतरतात. सवय नसलेल्या जड व्यायामानंतर ती आठवडाभरही चढलेली राहू शकतात. जीजीटी हे यकृताच्या तपासणीतले आणखी एक विकर मात्र स्नायूंच्या इजेने वाढत नाही. म्हणून सीपीके वाढलेले आणि जीजीटी नेहमीइतके असेल, तर संशय आधी स्नायूंवर घ्यावा. बिलिरुबिनचे कारण वेगळे असू शकते: गिल्बर्ट सिंड्रोम या निरुपद्रवी जन्मजात प्रवृत्तीत उपाशी राहिल्याने अप्रत्यक्ष (यकृताने अजून प्रक्रिया न केलेले) बिलिरुबिन वाढते, आणि ही प्रवृत्ती मुळीच दुर्मीळ नाही.

मला सर्वांत महागात पडले ते विमा कार्यालय. तपासणीपूर्वी शेवटचा व्यायाम कधी केला, हे विचारणारा रकानाच त्यांच्या अर्जात नव्हता. सीपीके व जीजीटीसह फेरतपासणी करा, अशी विनंती मी लेखी केली. ती नियमात बसत नाही, एवढेच उत्तर आले आणि यकृतविकाराचा शेरा मारून हप्ता वाढवण्यात आला. वाढीव हप्त्यापेक्षाही तो शेरा अधिक छळतो, कारण पुढच्या प्रत्येक कंपनीच्या अर्जात 'पूर्वी कोणी जादा हप्ता लावला होता का' या प्रश्नाला खरे उत्तर द्यावेच लागते. धडधाकट माणसाच्या कपाळी असा आजार लिहिताना दुसऱ्यांदा रक्त घेण्याचे कष्टही कोणी घेऊ नयेत, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून निर्णय झाला नसेल, तर आजच कार्यालयाला धावण्याची तारीख लेखी कळवावी आणि आठवडाभर जड व्यायाम बंद ठेवून, सांगितले असेल तेवढेच तास उपाशी राहून, पुन्हा रक्त द्यावे. उपवासाच्या दिवसांत लांब धावणे ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पटलेच पाहिजे असे नाही. उपवासात इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात, त्यात मुंबईच्या ऑक्टोबरचा घाम, आणि साबुदाण्यातून पिष्ट मिळाले तरी प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत. तरीही धावायचेच असेल, तर ताकात सैंधव घालून प्यावे, निर्जळी टाळावी. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा स्नायू असह्य दुखू लागले, तर कोणाच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण त्या अवस्थेत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.