प्रार्थनेची सुरुवात स्तवनाने करा

ताई, प्रार्थनेला बसताच मन मागण्यांकडे धावते, ही अडचण बहुतेक नवख्यांना येते. मागणे गैर नाही, पण प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीआधी पित्याचे नाव, राज्य आणि इच्छा येते, तो क्रम मनापासून पाळावा. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 103 वे स्तोत्र घ्या. त्याच्या 22 वचनांत देवाकडे एकही मागणी नाही. वचन मोठ्याने वाचा, ‘मंदक्रोध व दयामय’ (लवकर न रागावणारा, दयाळू) अशा शब्दांपाशी थांबा आणि तेच देवाला आपल्या शब्दांत सांगा. पुण्यात सकाळी कंपनीची बस गाठायची घाई असते, त्यामुळे दोनच वचने झाली तरी पुरे. मन कोरडे वाटले, तर रविवारच्या उपासनेतले एखादे मराठी गीत सावकाश म्हणा, आणि विनंत्यांची वही त्यानंतरच उघडा.