टीम परस्यूटमध्ये वेळ तिसऱ्याची धरतात, मग चौथा सायकलपटू कशासाठी?

तुमचा प्रश्न असा, की ट्रॅक सायकलिंगमधल्या पुरुषांच्या टीम परस्यूट या सांघिक शर्यतीत चौघे उतरतात, एखादा मध्येच बाजूला होतो आणि तरी संघ जिंकतो, हे कसं?

आधी नियम सांगतो. अंतर ४ किलोमीटर, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकवर १६ फेऱ्या. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून, उभ्या सायकलवरून सुटतात. संघातल्या तिसऱ्या सायकलचं पुढचं चाक रेषेवर पोचलं, ती त्या संघाची वेळ. चौथा सोबत आला की मागे राहिला, याला घड्याळ विचारत नाही.

चौथ्याचं मोल मला कळलं ते आमच्या साक्री रस्त्यावर. मी धुळ्याचा. ज्येष्ठ-आषाढात इथून पश्चिमेकडे सायकल काढून बघा, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर एवढ्या पवनचक्क्या का उभ्या आहेत ते पायांना समजतं. आम्ही चौघे पहाटे नेरपर्यंत जायचो. एकट्यानं गेलो तर तो समोरचा वारा जीव काढायचा. एकामागे एक चाक धरून, पाळीपाळीनं पुढे येत गेलो की तेच अंतर हलकं व्हायचं. आमच्यातला एक जण सगळ्यांत अंगापिंडानं भक्कम. तो लांब लांब पाळ्या घ्यायचा आणि नेर जवळ आलं की म्हणायचा, "भो, मी थकी गऊ, तुम्ही चला." आम्ही तिघे ताजे पोचायचो ते त्याच्या जोरावर.

ट्रॅकवर नैसर्गिक वारा नसतो, पण वेगच वारा तयार करतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघानं ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांचा जागतिक विक्रम केला. उभ्या सुरुवातीसकट हा सरासरी ताशी ६५ किलोमीटरच्या वरचा वेग आहे. या वेगाला जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग थोडा वाढवायचा तर ताकद त्याच्या कितीतरी पट जास्त लागते. पुढचा हवा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला राहतात. पाळी संपली की पुढचा वळणावर ट्रॅकच्या उताराच्या वरच्या अंगाला सरकतो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो उतरून शेवटच्या चाकाला येऊन लागतो. सायकलला ब्रेक नाही, गिअर फिक्स्ड, त्यामुळे पायडल थांबवायची सोयच नाही, आणि दोन चाकांमध्ये अंतर जेमतेम वितीचं.

आता चौथा. प्रत्येक अदलाबदलीत थोडा वेळ जातो, चुकलं तर जास्तच. म्हणून एखाद्याला ठरवून लांब पाळ्या देतात. त्याला शेवटची रेषा गाठायचीच नसते, त्यामुळे तो काही राखून ठेवत नाही. सगळं ओतून झालं की वर सरकतो आणि परत खाली येत नाही. तुम्ही जो "मध्येच बाजूला झालेला" बघितलात, तो बहुधा हरून गेलेला नव्हता, त्याचं काम पुरं झालं होतं. पदक त्यालाही तेच मिळतं.

त्यानंतर मात्र तिघांना तिघंच राहावं लागतं, आणि खरी धडधड मला तिथे होते. पॅरिसच्या अंतिम फेरीत शेवटी शेवटी ब्रिटनचा एथन हेटर सीटवरून घसरला आणि सोनं ऑस्ट्रेलियाकडे गेलं. २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीन ऑलिंपिक सोनं ओळीनं जिंकलेला ब्रिटन, पण तिथे चूक भरून काढायला मागे कोणी उरलेलं नसतं.

याच्या उलट टोकियो. ऑगस्ट २०२१ मधली अंतिम फेरी, इटली विरुद्ध डेन्मार्क. शेवटच्या किलोमीटरला इटली मागे होती. इटलीचा फिलिप्पो गान्ना पुढे आला आणि त्यानं फरक खाऊन टाकला. इटली ३ मिनिटे ४२.०३२ सेकंदांत जिंकली, फरक ०.१६६ सेकंदाचा. लोक गान्नाची ताकद वाखाणतात, ते योग्यच आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते त्याच्या मागच्यांनी चाक न सोडणं. तो एकटा कितीही पळाला असता तरी घड्याळ तिसऱ्यासाठीच थांबणार होतं.

साक्री रस्त्यावर मी नेमकं हेच चुकायचो. पाळी आली की अंगात यायचं, जोर लावायचो, आणि मागे वळून बघावं तर दोघे शंभर पावलं मागे. पुढे येताना वेग वाढवायचा नाही, आहे तो टिकवायचा, हे अंगवळणी पडायला मला दोन पावसाळे लागले.

पुढची शर्यत बघाल तेव्हा पुढच्या सायकलपटूकडे बघू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या चाकांमधली फट बघा. ती वितीची हातभर झाली, की घड्याळाआधी तुम्हाला कळेल कोण हरतंय.