जळगावहून मरीन ड्राइव्हला पहिल्यांदा जाताना

भाऊ, सीएसएमटीपर्यंत जाऊ नकोस, दादरलाच उतर. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे ये नि चर्चगेट लोकल पकड. चर्चगेट शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायची धांदल नाही. बाहेर पडून वीर नरिमन रोडने सरळ चाललास की समोर समुद्रच.

उन्हं कलली की पोहोच. कठड्यावर बसून दशम्या नि शेंगदाण्याची चटणी सोड. खारा वारा तोंडावर घेत खाल्लेली ती दशमी मला अजून आठवते. खालच्या सिमेंटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर मात्र उतरू नकोस, शेवाळावरून पाय सटकतो.

मग गिरगाव चौपाटीकडे चालत जा. दिवे लागले की मागे वळून बघ, राणीचा हार, म्हणजे किनाऱ्याच्या वळणावरची दिव्यांची माळ, दिसेल. परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ पडतं.