निष्पक्ष बातमी कशी ओळखायची? कांद्याच्या पट्टीवरून सांगतो

तुम्ही विचारलंय, "बातम्या इतक्या पक्षपाती का झाल्यात, आणि निष्पक्ष बातमी सामान्य माणसाने ओळखायची तरी कशी?"

मी पत्रकार नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशोब लिहिणारा, आहे, राहायला कोपरखैरणेला. पण कांदा महागला की कॅमेरे आमच्या गाळ्यासमोर येऊन उभे राहतात. त्यामुळे बातमी तयार होताना मी जवळून पाहिली आहे, तेवढ्याच जोरावर लिहितो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका वाहिनीची माणसं आली. त्या दिवसांत भाव चढतोच. उन्हाळ्यात चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरलेला कांदा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा अजून नीट सुरू झालेला नसतो. वार्ताहर तरुण मुलगा होता, बोलायला नम्र. भाव विचारला. मी सांगितलं, किलोला 18 पासून 35 पर्यंत, बहुतेक माल 25-26 ला गेला. शेजारी जुन्नरकडचे एक शेतकरी बसले होते, मालाच्या गाडीतूनच रात्रभर प्रवास करून आलेले. त्यांनी खिशातून घडी केलेली पट्टी काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडतो तो हिशोब. वजन, दर, आणि त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. ते एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगत होते. चाळीत भरला तेव्हा किती होता, सडून आणि वाळून किती उरला, तेही सांगितलं. चांगली चार-पाच मिनिटं बोलले. मुलाने सगळं ऐकून घेतलं, "काका, धन्यवाद" म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बातमी लागली: कांदा पस्तिशीवर, गृहिणींचं बजेट कोलमडलं. भाजीच्या गाडीवर उभ्या दोन बायका बोलल्या. मीही क्षणभर दिसलो, "पस्तीस" म्हणताना. पट्टी कुठेच नव्हती.

यात खोटं एकही वाक्य नव्हतं. 35 ने कांदा गेलाच होता, त्या बायकांची ओढाताणही खरीच. तरी बातमी एकाच बाजूची झाली, कारण दुसरी बाजू कापून टाकली होती. माझं मत असं की पक्षपात बोललेल्या शब्दांत कमी आणि गाळलेल्या गोष्टींत जास्त असतो, म्हणून तर तो पकडता येत नाही. मला तो दिसला कारण माझ्या घरात दोन्ही बाजू आहेत. बायको कोपरखैरणेच्या बाजारात कांदा विकत घेते आणि तिचा भाऊ ओतूरला तो पिकवतो. बातमी संपायच्या आत त्याचा फोन आला, "दाजी, पस्तीस कुणाला मिळाले हो?" भाव पडतो तेव्हा मात्र कुणीतरी ट्रॉलीभर कांदा रस्त्यावर ओतेपर्यंत कॅमेरा फिरकत नाही, हेही मी वर्षानुवर्षं बघतोय.

हे आजचंच आहे असंही नाही. 1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. कुणाचं म्हणणं छापायचंच नाही, हा निर्णय तेव्हाही कुणीतरी घेतच होतं. आज त्यात वेगाची भर पडली आहे, आणि त्याची किंमत आमच्या धंद्यात रुपयांत मोजता येते.

8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात 31 मार्चपर्यंत बंद केली. फेब्रुवारीत अचानक बातमी आली की बंदी उठली. सत्तेतल्या नेत्यांनीही तसं सांगितलं, वाहिन्यांनी पडद्यावर बातमीची ओळ फिरवली. लासलगावला 17 फेब्रुवारीला क्विंटलला 1280 रुपये असलेला सर्वसाधारण भाव 19 तारखेला 1800 झाला. 20 तारखेला ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी स्पष्ट केलं, बंदी 31 मार्चपर्यंत कायम आहे. निर्यातबंदी उठते ती परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. ती निघाली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारला असता तर दोन दिवसांचा हा खेळ झाला नसता. प्रत्यक्षात बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के निर्यात शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य लावून. म्हणून मी आता सरकारी निर्णयाची कुठलीही बातमी वाचली की आधी बघतो, कागद निघालाय का, की कुणीतरी नुसतं बोललंय.

अशा बातमीविरुद्ध दाद मागायची सोय फार तोकडी आहे. प्रेस कौन्सिल फक्त छापील वृत्तपत्रांचं आणि वृत्तसंस्थांचं बघते आणि समज देण्या-ताशेरे ओढण्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. तरी वृत्तपत्रात कुठेतरी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव असतं. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची, हेही लिहिलेलं असतं. ती ओळ मला फार मोलाची वाटते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या भावाखाली कुणाचंच नाव नसतं.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. गावच्या ग्रुपवर रोजचा भाव मीच टाकतो. एकदा गडबडीत नुसतं लिहिलं, "आज वाशी 31." खरं तर 31 ने मोजका निवडक माल गेला होता. त्याच रात्री मेव्हण्याच्या शेजाऱ्याने साठ गोण्या भरून गाडी पाठवली, सोबत स्वतः आला. माल 22 ला गेला. त्याची पट्टी मीच लिहिली. वजन, दर, हमाली, तोलाई, भाडं, सगळं माझ्याच हाताने. त्याने ती घेतली, नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "तुमच्या मेसेजवर भरोसा ठेवून निघालो होतो."

चूक मी केली होती, खोटं तर मीही बोललो नव्हतो. त्या वाहिनीने केलं तेच माझ्याकडून झालं होतं. दुपारी ग्रुपवर लिहिलं की कालचा भाव मी अर्धवट दिला, पूर्ण असा होता. जुना मेसेज पुसला नाही, लोकांना दोन्ही दिसू दिले. तुम्हीही तुमच्या वाहिनीकडे, वर्तमानपत्राकडे याच नजरेने बघा. कालची चूक ते आज कबूल करतात का, आणि करतात तर ती जिथे छापली होती तितक्याच ठळक जागी करतात का? माझा विश्वास मी त्यावर ठरवतो.

आता रोज सकाळी मेसेजात आवक किती, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, बहुतेक माल कितीला गेला हे सगळं असतं, आणि खाली माझं नाव.